हत्तीमारे सिस्टरांची थंडी

गोंदियाजवळच्या गोरेगावात नवीन आलेला माणूस बाजाराच्या दिवशी एक गोष्ट बघून हमखास थबकायचा. काळी मोटारसायकल, ती चालवणाऱ्या पाच फुटांच्याही आतल्या एक बाई, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला, आणि मागच्या सीटवर सहा फुटांचे मिशीवाले गृहस्थ, मांडीवर निळा डबा घेऊन ताठ बसलेले. बाईंचं आडनाव हत्तीमारे. मी नवीन होतो तेव्हा मीही थबकलो होतो आणि वर हसलोही होतो. बाईंनी गाडी थांबवली.

"का झालं जी? गाडी पाहून राहिले का आमाले?"

"गाडी," मी घाबरून म्हणालो.

"मंग पाहा. पाहण्यासारखी हाये," असं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आरोग्य केंद्रात औषध निर्माता म्हणून रुजू झालो, तर समोर त्याच. यमुना हत्तीमारे, आरोग्य सेविका, सगळ्या तालुक्याच्या हत्तीमारे सिस्टर. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुमी होय का नवे कंपाउंडरभाऊ!" मी रीतसर शिकलेला औषध निर्माता आहे हे मी त्यांना नंतर निदान शंभर वेळा सांगितलं असेल. त्या निवृत्त होईपर्यंत केंद्रात मी कंपाउंडरभाऊच राहिलो. आता केंद्रात मला कोणी तसं म्हणत नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडत नाही.

मागच्या सीटवरचे गृहस्थ म्हणजे हिरालालभाऊ, त्यांचे यजमान. धानाची शेती, गावात मान, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पुढच्या शिवारातले बैल वळून बघतील. पण मोटारसायकल त्यांना आली नाही. लग्नानंतर एकदाच त्यांनी हँडल हातात घेतलं आणि गाडीसकट थेट गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, गेले. गाडी वर आली, भाऊ वर आले, गाडी शिकायची हौस मात्र त्या पाण्यातच राहिली. मग सिस्टर शिकल्या, आठ दिवसांत. एस.टी. जिथे जात नाही अशा वाड्या-टोल्यांवर लस पोचवायची तर दुसरा इलाज नव्हता.

आणि तो निळा डबा. लसीचा डबा. आत बर्फाच्या पट्ट्या, मध्ये कुप्या. कॅरिअरला बांधला तर पांधणीच्या कच्च्या वाटेवरच्या खड्ड्यांत कुप्या फुटायच्या. म्हणून लसीकरणाच्या दिवशी हिरालालभाऊ शेतातलं काम टाकून मागे बसत आणि डबा मांडीवर घेत. दोन्ही हातांनी कवेत धरत. म्हणजे त्यांना स्वतःला धरायला काहीच उरत नसे. खड्डा आला की भाऊ हवेत, डबा त्यांच्यासोबत हवेत, आणि दोघेही पुन्हा सीटवर. पंचवीस वर्षं हे चाललं. चौकातल्या पानठेल्यावरचे लोक चिडवायचे, "भाऊ, बाईले धरा ना, पडसान!" भाऊ म्हणायचे, "हात मोकळा हाये का बाप्पा?" आणि खरंच, त्यांनी सिस्टरांच्या खांद्याला हात लावलेला कोणी कधी पाहिला नाही.

सिस्टरांचं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरायचं, ती म्हणजे थंडी. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात इथे पंख्यातून वाफ येते. आणि लस दोन ते आठ अंशांच्या मध्येच जगते. आठच्या वर गेली की मेली. लसीच्या फ्रीजवर सिस्टरांचा असा पहारा असे की डॉक्टरसुद्धा त्याच्याजवळून जाताना आवाज खाली करत. सकाळी आणि संध्याकाळी तापमान वहीत लिहायचं काम माझं होतं. मी एकदा न बघता कालचाच आकडा लिहिला. त्यांनी वही बघितली, फ्रीज बघितला, मला बघितलं.

"भाऊ, मोजलं का समजलं?"

"मोजलं," मी म्हणालो.

"थंडी मोजाची असते. समजाची नसते." एवढंच. ओरडल्या असत्या तर मी विसरलो असतो.

एक डॉक्टर आले, शहरातले, हौशी. त्यांनी दुपारी आपली आंब्याच्या रसाची बाटली लसीच्या फ्रीजमध्ये ठेवली. सिस्टरांनी ती काढून केंद्राच्या पायरीवर भर उन्हात उभी केली. डॉक्टर शोधत शोधत बाहेर आले. "सिस्टर, मेरा जूस धूप में किसने रखा?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मैंने रखा सर. तुम्हारा जूस मेरे घर आया, तो मैं उसको तुम्हारे घर छोड के आयी." डॉक्टर हसले, बिचारे चांगले होते. पण त्यानंतर कोणीही त्या फ्रीजमध्ये पाण्याचा पेलासुद्धा ठेवला नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे हलवून पाहणे. ही त्यांच्या कामातली परीक्षा होती. काही लसी उन्हाने मरतात तशा गोठूनही मरतात, आणि वितळल्यावर दिसायला अगदी पहिल्यासारख्या दिसतात. ओळखायचं कसं? कुपी हलवायची आणि टेबलावर उभी करायची. चांगली असेल तर आतलं औषध बराच वेळ दुधासारखं एकसारखं राहतं. गोठून गेलेली असेल तर त्यात कण धरतात आणि भराभर तळाशी बसतात. ही परीक्षा सिस्टरांनी सगळ्या जगाला लावून ठेवली होती. नवा शिपाई आला, "हलवून पाहू." पुढारी भाषण करून गेला, "हलवलं तं सगळं खाली बसन." माझ्यासाठी घरच्यांनी आमगावची मुलगी बघितली तेव्हा मुलीकडच्यांनी सिस्टरांकडे माझी चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, "दोन वर्सं हलवून पाह्यला. कन नाही धरत." त्या एका वाक्यावर माझं लग्न जमलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. फार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात कोणा शिकवणाऱ्याने जाता जाता सांगितलं होतं, "तुम्ही लस गरम होऊ नये म्हणून मरता. लडाखमध्ये तुमच्यासारखीच एक नर्स असेल, हाच निळा डबा घेऊन, ती लस गोठू नये म्हणून मरते." बाकीच्या सगळ्या चहाला उठल्या. सिस्टर बसून राहिल्या. ती बाई त्यांच्या डोक्यात शिरली ती कायमची. लाइट गेली, फ्रीजला गोधड्या गुंडाळून आम्ही घामाघूम बसलो की त्या म्हणायच्या, "ते आता का करून राहिली असन? तिकडे शेकोटी पेटवली असन का डब्यापाशी?" तिला त्या "माही उलटी बहीन" म्हणायच्या. तिचं नाव नाही, गाव नाही, ती आहे की नाही तेही माहीत नाही. पण सिस्टर तिच्याबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलायच्या.

मे अखेरीस सिस्टर निवृत्त झाल्या. साडी, नारळ, शाल, माझं भाषण, सगळं झालं. केंद्रातून बाद झालेला त्यांचा जुना निळा डबा डॉक्टरांनी आठवण म्हणून त्यांना दिला, तेव्हा त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी जाहीर केलं, "मी लडाखले चालली. गाडीनं. हे मागं बसतीन. कंपाउंडरभाऊ सामान घेऊन दुसऱ्या गाडीवर येतीन."

हे मला भाषणाआधी कोणी सांगितलं नव्हतं. हिरालालभाऊंनाही नाही. ते धानाच्या रोपांच्या काळजीने एवढंच म्हणाले, "पऱ्हे कोन टाकन?"

"तुमचा भाऊ टाकन. रोवन्याच्या आंधी वापस येतो ना जी."

मी रजा टाकली. का टाकली हे आजही सांगता येत नाही. बायको म्हणाली, "अंगात येते का तुमच्या?" आलं होतं बहुतेक. नकाशावर वाटेतल्या खिंडींची नावं वाचून मी नकाशा मिटवून ठेवायचो आणि पुन्हा उघडायचो.

एक अडचण होती आणि ती लहान नव्हती. हिरालालभाऊंना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन, सिस्टरच द्यायच्या. त्यांचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ दिसणाऱ्या जातीचं, आणि लसीसारखंच नाजूक. सिस्टर म्हणाल्या, "माह्या हातात हाये तोवर त्याले काई होत नाही." चार कुप्या त्यांनी निळ्या डब्यात घातल्या, बर्फाच्या पट्ट्या लावल्या, आणि डबा नेहमीसारखा भाऊंच्या मांडीवर गेला. उलट्या बहिणीसाठी घरच्या धानाचे दहा किलो तांदूळ माझ्या गाडीवर आले. "कोनाच्या घरी खाली हातानं जातेत का?" ज्या बाईचं नाव माहीत नाही तिच्या घरचा हा आहेर.

गाड्या रेल्वेने अंबाल्यापर्यंत पाठवल्या आणि तिथून निघालो. मैदानात ऊन आपल्यासारखंच. भाऊ प्रत्येक ढाब्यावर बर्फ मागून पट्ट्या गार करायचे, रात्री खोलीच्या बाहेर गार फरशीवर ओलं पोतं टाकून त्यावर डबा ठेवायचे. त्यांच्या अंगणात पंचवीस उन्हाळे डबा असाच झोपलेला. मनालीपर्यंत चारही कुप्या ठणठणीत.

आणि मग डोंगर! मी नवेगावच्या टेकड्यांना डोंगर म्हणत आलेला माणूस. बारालाचा खिंडीच्या चढावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, माझ्या डोक्याच्या वर, आणि मधून रस्ता. मी हेल्मेटमध्ये ओरडत होतो. काय ओरडत होतो कोण जाणे, पण थांबता येत नव्हतं. बर्फाचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं, आत गोल दगड, पाणी असं की पाय बुडाला की पाय आहे की नाही कळू नये. सिस्टरांनी गाडी पहिल्यावर टाकली, मागे न बघता म्हणाल्या, "डब्बा वर!" भाऊंनी डबा डोक्यावर घेतला. पावसाळ्यात आमच्याकडचा नाला ओलांडताना करतात अगदी तसंच. गाडी डाव्या अंगाला झुकली, उजव्या अंगाला झुकली, आणि फुर्रकन पलीकडे. काठावर उभ्या असलेल्या मोठमोठ्या गाड्यांवरच्या तरण्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "ताली क्या बजाते, कपडे सुखाओ अपने."

त्या संध्याकाळी सारचूच्या मुक्कामी तंबूत सिस्टरांनी आपल्या तांदळातले मूठभर तांदूळ शिजत लावले. पाणी खळाखळा उकळत होतं आणि भात कच्चा. आणखी उकळलं, आणखी कच्चा. तंबूवाला हसून म्हणाला की इतक्या उंचीवर कुकरशिवाय भात होत नाही. धानाच्या गावच्या तिघांना कच्चा भात चावायला लागला. भाऊ म्हणाले, "हे काई माणसाच्या राहाची जागा नोहोय." पण हसत होते. आम्ही सगळेच उगाच हसत होतो. उंचीवर थोडं वेड लागतं म्हणतात, तसं असेल.

सकाळी मी तंबूबाहेर आलो आणि माझ्या मिशांना बर्फ लागला. गाडीच्या सीटवर पांढरा थर. आणि गाडीच्या बाजूला दगडांवर, कडक लाकडासारख्या झालेल्या ओल्या पोत्यावर, निळा डबा.

भाऊंनी सवयीने ठेवला होता. बाहेर, गार जागेत, ओलं पोतं खाली टाकून.

सिस्टरांनी डबा उघडला. कुप्यांमध्ये बर्फ. आतापर्यंत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चारही कुप्या काखेत धरून वितळवल्या. मग एकेक हलवली आणि दगडावर उभी केली. चारही कुप्यांच्या तळाशी कण बसायला लागले. वाट बघायची गरजच पडली नाही.

भाऊ हळूच म्हणाले, "वितळलं ना. हलवलं का दिसते तं दुधासारखं. टोच ना."

"नाही."

"येक दिवस चालते."

"मी दुसऱ्याच्या लेकराले हे दिलं नाही कधी. तुमाले देऊ?" त्यांनी चारही कुप्या एका फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या.

भाऊ खाली बसले. एवढा मोठा माणूस, गुडघ्यात डोकं घालून. "माह्या हातून झालं. पंचवीस वर्सं सांभाळला, अन् आज मीच मारला."

"माह्या हातून झालं," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या एकाच डब्यात कायले ठेवल्या मी? एक माह्या कुडत्यात पायजे होती. उठा."

साखर मोजायचं यंत्र थंडीने चालेना. तेही काखेत गेलं. दहा मिनिटांनी चाललं आणि आकडा आला तो मी सांगत नाही, पण मी तो आकडा पेशंटमध्ये बघितला असता तर केंद्राची गाडी बोलावली असती. मागे जावं तर तंबूवाल्याने सांगितलं की रात्री बारालाचावर ताजा बर्फ पडला आहे, दुपारपर्यंत तरी वाट बंद. उरली फक्त पुढची वाट: तीन खिंडी, आणि तिसरीच्या पलीकडे पहिलं गाव. सिस्टरांनी सूर्य किती वर आला ते बघितलं.

"भाऊ, किक मारा. दिवस असतानी पोचाचं हाये."

तो दिवस! मी आयुष्यात पुष्कळ दिवस विसरलो, तो विसरणार नाही. एकवीस वळणांचा घाट आला, साप गुंडाळावा तसा डोंगराला गुंडाळलेला. भाऊ मागून मोठ्याने वळणं मोजत होते, म्हणजे शुद्धीवर आहेत हे सिस्टरांना कळावं. तसं त्यांनीच सांगितलं होतं. अकरावर आवाज थांबला. सिस्टरांनी करकचून ब्रेक मारला. "अजी! आयकून राहिले का?" "हो हो," भाऊ म्हणाले, "मेंढरं पाहून राहिलो." समोरच्या कड्यावर खरंच निळसर रानमेंढरं उभी होती. सिस्टरांनी त्यांना जी शिवी दिली ती मेंढरांना होती की भाऊंना, कळलं नाही. पुढे अकरापासून पुन्हा मोजणी सुरू.

दुसरी खिंड ओलांडली. खाली लष्कराचा तळ. तिथल्या छोट्या दवाखान्यात प्राणवायू होता, गोळ्या होत्या, गरम पाणी होतं, इन्सुलिन नव्हतं. तिथला जवान पंजाबी, कोवळ्या दाढीचा. त्याने भाऊंना तपासलं, भरपूर पाणी पाजलं आणि म्हणाला, "माताजी, आखिरी दर्रे के उस पार पहले गाँव में एक सिस्टर है. वहाँ एक बुज़ुर्ग ये दवा लेते हैं, उसके पास ज़रूर होगी."

"सिस्टर?" हत्तीमारे सिस्टर म्हणाल्या. "नीला डिब्बा है उसके पास?"

जवानाला प्रश्नच कळला नाही. मला कळला. उलटी बहीण सापडली होती.

चाळीस किलोमीटर सपाट माळ, वारा असा की गाडी तिरकी चालवावी लागली तरच सरळ जात होती. मग तिसरी खिंड, तंगलंग ला. सतरा हजार फुटांच्या वर. विरळ हवेत माणसाला दम लागतो तसा गाडीलाही लागतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण गाडीला धापा टाकताना ऐकणं वेगळं. सिस्टरांची गाडी दोघांना ओढेना. पहिला गिअर, पूर्ण पीळ, आणि तरी बैल अडावा तशी उभी. वरून बारीक बर्फ सुरू झाला, ढग खाली यायला लागला.

"मी उतरून चालतो," भाऊ म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते. दहा पावलं तरी चालले असते की नाही!

"मी त्यांना माझ्या मागे घेतो," मी म्हणालो.

"तुमची गाडी तरी ओढते का दोघाले? नाही. ते माह्याच मागं बसतीन. वजन काढा." सिस्टरांनी आपल्या गाडीवरचं सगळं उतरवलं. पिशवी, अंथरूण, पाण्याचा कॅन, सगळं माझ्या गाडीवर, तांदळाच्या वर. मग त्यांनी भाऊंच्या मांडीवरचा निळा डबाही उचलला आणि माझ्याकडे दिला.

भाऊ मागे बसले आणि रिकाम्या हातांकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांत त्या सीटवर त्यांचे हात पहिल्यांदाच मोकळे झाले होते. ते हात कुठे ठेवायचे हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. मांडीवर ठेवले, उचलले, सीटखाली चाचपलं.

"कोठी धरू वो?" त्यांनी विचारलं.

"मले धरा," सिस्टर म्हणाल्या.

भाऊंनी हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. आधी नुसते टेकवले, आणि गाडीने झटका दिला तसे घट्ट. गाडी हलली. एक वळण, दुसरं वळण. मी मागून बघत होतो: उडणारा बर्फ, धुराचा भपका, बाईंचे इवलेसे खांदे आणि त्यांवर ते शेतकरी पंजे. "चाल माय, चाल माय," सिस्टर गाडीला म्हणत होत्या, का स्वतःला. मीही ओरडायला लागलो, "चाल माय!" माझी गाडी, माझी छाती, दहा किलो तांदूळ, सगळं एकाच वेळी धडधडत होतं.

आणि माथा! रंगीत पताका फडफडत होत्या, पाटी होती, जगभरचे लोक फोटो काढत होते. नकाशावर जिचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं होतं ती जागा. मी वेग कमी केला. सिस्टरांनी केला नाही. पाटीकडे मान न वळवता त्या तशाच पलीकडच्या उतारावर उतरल्या. मागून भाऊंचा आवाज आला, "फोटो नाही का?" आणि सिस्टरांचा, "तुमाले पाह्यतो मी घरी."

गावात पोचलो तेव्हा जवच्या हिरव्या शेतांवर तिरपं ऊन होतं. दगडी भिंतींचं छोटं आरोग्य केंद्र, दारात लाल गालांची, लोकरीची टोपी घातलेली एक नर्स कपडे वाळत घालत होती. नाव यांगचेन. सिस्टरांनी गाडी उभी केली नाही, टाकलीच, आणि गोंदियाच्या हिंदीत एका दमात सगळं सांगितलं: साखर, चार कुप्या, पोतं, बर्फ. यांगचेन आत गेली. चुलीच्या भिंतीला लागून लोकरीचा एक मोठा मोजा टांगलेला होता, त्यात एक तापमापी आणि दोन कुप्या. त्यातली एक तिने बाहेर काढली.

सिस्टरांनी हात पुढे केला. मला कळलं त्या काय म्हणणार ते. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत यांगचेनने कुपी हलवली आणि आपल्या तळहातावर उभी धरली, त्यांच्या डोळ्यांसमोर. दोघी टक लावून बघत राहिल्या. औषध दुधासारखं एकसारखं राहिलं. कण धरला नाही.

"ठीक है दीदी?" यांगचेनने विचारलं.

सिस्टरांनी मान डोलावली. त्यांनी तिला मिठी मारली, आणि मग एकदम भानावर येऊन ओरडल्या, "अजी, सदरा वर करा!"

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो. भाऊंची साखर उतरली, कुकरमध्ये आमचा भात झाला, आणि यांगचेनने तीन वेळा मागून घेतला. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तीही खाली जम्मूच्या उन्हात शिकून आली होती, आणि सवयीने तिनेही डबा एकदा बाहेर ठेवला होता. हे ऐकल्यावर भाऊ पहिल्यांदा मोकळे हसले. निघताना सिस्टरांनी निळा डबा तिला दिला. भाऊंना विचारलंसुद्धा नाही. यांगचेनने तो लोकरीचा मोजा सिस्टरांच्या हातात दिला. मे महिन्यात गोरेगावात त्याचं काय करायचं हे मी विचारलं तर मलाच रागावल्या.

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी आम्ही परत आलो. केंद्रात नवी सिस्टर आली आहे, हुशार आहे, मला सर म्हणते. हत्तीमारे सिस्टरांकडे आता आमच्या केंद्रातलं काही काम नाही, त्यामुळे त्या दिसतात त्या रस्त्यावरच. परवा बाजाराचा दिवस होता. मी केंद्राच्या दारात उभा होतो. तीच काळी गाडी आली, पुढे सिस्टर, मागे हिरालालभाऊ. मांडीवर काही नाही. दोन्ही पंजे सिस्टरांच्या खांद्यांवर. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, डब्बा कोठी गेला?"

"वर राह्यला," भाऊ म्हणाले. हात तसेच.

सिस्टरांनी माझ्यासमोर गाडी हळू केली. "कंपाउंडरभाऊ, आज मोजलं का?" मी मान हलवली. मोजलं होतं. मग त्या मागे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अजी, आता कायले धरून राहिले? लोक पाहून राहिले ना."

"रस्ता खराब हाये," भाऊ म्हणाले.

केंद्रासमोरचा तो रस्ता महिन्यापूर्वीच सिमेंटचा झाला आहे. त्यावर एक खड्डा नाही. गाडी हळूहळू बाजाराच्या गर्दीत गेली, आणि ते दोन मोठे पंजे दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या खांद्यांवरच होते.